एका डबीतून पन्नास चेहरे : मुलांच्या फेस पेंटिंगमधली स्वच्छता

प्रश्न थोडक्यात असा आहे : सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांसाठी फेस पेंटिंगचं टेबल लावायचं आहे, साधारण ५० मुलं येतील. गेल्या वर्षी एक स्पंज, चार ब्रश आणि पाण्याचा एक मग यावर सगळं उरकलं. नंतर दोन मुलांच्या गालावर पुरळ आलं. या वेळी ब्रश अधूनमधून स्पिरिटमध्ये बुडवले तर पुरेल का?

नाही, पुरणार नाही. ब्रश स्पिरिटमध्ये बुडवणं ही बरीच पुढची पायरी आहे, आणि ती चुकीच्या पद्धतीने केली तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. आधी जंतूंची वाट ओळखायला हवी. पहिल्या मुलाच्या गालावरून ओला स्पंज डबीतल्या रंगाच्या घट्ट वडीवर येतो, वडीवर थोडं पाणी, थोडा घाम, थोडी लाळ आणि त्वचेवरचं जे काही असेल ते सोडतो, तोच रंग उचलून दुसऱ्या मुलाच्या गालावर जातो. म्हणजे वडी ही सगळ्या मुलांची सामायिक वाटी होते. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा नियम एकच : चेहऱ्याला लागलेली वस्तू धुतल्याशिवाय रंगाच्या डबीत परत जाता कामा नये. खाली जे काही लिहिलं आहे ते हा नियम गर्दीत, घाईत, रांगेतल्या मुलांच्या आरडाओरड्यात कसा पाळायचा त्याचं तंत्र आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. ‘चांगल्या कंपनीच्या रंगात जंतुनाशक असतंच, त्यामुळे काही होत नाही’, असं अनुभवी लोकही सांगतात. रंगात संरक्षक द्रव्य असतं हे खरं, पण ते डबी महिनोन्महिने टिकावी म्हणून घातलेलं असतं. सौंदर्यप्रसाधनांच्या संरक्षकाची चाचणी घेताना उत्पादनात मुद्दाम जंतू मिसळतात आणि ७, १४ व २८ दिवसांनी किती उरले ते मोजतात. दोन मुलांमध्ये तुम्हाला मिळतो तो एक मिनिट. तेवढ्यात हे द्रव्य काहीही करू शकत नाही.

गेल्या वर्षीच्या पुरळाचं कारण इथे बसून ठामपणे सांगता येणार नाही, पण ते कधी आलं हे त्या पालकांना जरूर विचारा. रंग लावल्यावर काही मिनिटांत किंवा त्याच संध्याकाळी गाल लाल होऊन खाजला असेल, तर बहुधा रंगच त्वचेला सोसला नाही, किंवा तो काढताना खसाखसा घासला गेला. एक ते तीन दिवसांनी, नेमका जिथे रंग होता त्याच आकारात पुरळ उठलं असेल, तर ॲलर्जीची शक्यता जास्त. आणि आठवडा-दहा दिवसांनी फोड येऊन त्यावर मधासारखी पिवळी खपली धरली असेल, तर तो इम्पेटिगो असू शकतो. हा जंतुसंसर्ग लहान मुलांत झपाट्याने पसरतो. पहिल्या दोन प्रकारांत रंग बदलावा लागतो, तिसऱ्यात पद्धत. निदान अर्थातच डॉक्टरांनी करायचं.

रंगाबद्दल थोडक्यात. फेस पेंटिंगसाठी पाण्याने ओले करून वापरायचे, त्वचेसाठीच बनवलेले रंग घ्या. स्नॅझारू, मेहरॉन, क्रायोलान, डायमंड एफएक्स, टॅग ही त्यातली जगभर वापरली जाणारी नावं. पोस्टर कलर, ॲक्रिलिक, स्केचपेन किंवा रांगोळीचा रंग चेहऱ्यावर नको. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असलं तरी नको. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की वस्तू तिच्या नेहमीच्या वापरात विषारी नाही. ती गालावर तीन तास ठेवायला योग्य आहे असं त्यात कुणी म्हटलेलं नसतं. आपल्याकडे आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो बघा. प्रसाधनातल्या रंगांत शिसं दशलक्ष भागांत २० पेक्षा आणि आर्सेनिक २ पेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे. बाजारातल्या बिननावाच्या बारा रंगांच्या स्वस्त पाकिटाला तो माहीत असेलच असं नाही. निऑन रंग डोळ्यांभोवती अजिबात लावू नयेत. शेजारच्या टेबलावर कुणी ‘काळी मेंदी’ काढत असेल तर तीही थांबवा. तिच्यात केस काळे करण्याच्या रंगातलं पीपीडी हे रसायन असू शकतं आणि त्याने मुलांच्या हातावर अक्षरशः फोड येतात.

आता स्पंज. इथे तडजोड नको : एका मुलाला एक स्पंज. स्पंज आतून सच्छिद्र असतो, त्यात शिरलेला रंग आणि ओल टेबलावर बसून निघत नाही. वरून स्पिरिट फवारलं तर बाहेरचा थर ओला होतो, आतला तसाच राहतो. पाण्याच्या मगात पिळून परत वापरणं म्हणजे तर सगळ्यांचं पाणी सगळ्यांना वाटणं. दाट विणीचे गोल स्पंज आणून धारदार कात्रीने दोन किंवा चार तुकडे करा. एका गालासाठी पाव तुकडा भरपूर होतो. ५० मुलांसाठी ६० तुकडे ठेवा, कारण काही खाली पडतील आणि एखाद्या मुलाला वाघाचा पिवळा आणि पांढरा असे दोन लागतील. स्वच्छ तुकडे झाकणाच्या डब्यात, वापरलेले जाळीच्या पिशवीत. ही पिशवी टेबलाखाली, खुर्चीच्या विरुद्ध बाजूला लटकवा. दोन्ही डबे शेजारी ठेवले की घाईत हात हमखास चुकीच्या डब्यात जातो.

त्याच मुलाच्या चेहऱ्यावर रंग करताना स्पंज दुसऱ्यांदा वडीवर न्यावा लागला तर काय? तो चेहऱ्याला लागलेला असतो, म्हणजे नियम मोडतो. दोन मार्ग आहेत. एक, पहिल्यांदाच पुरेसा रंग उचला : स्पंज नुसता दमट, टपकता नको, आणि वडीवर सात-आठ वेळा गोल फिरवा. बहुतेकांचा रंग कमी पडतो तो स्पंज जास्त ओला असल्यामुळे. दुसरा मार्ग, मोठे भाग रंगवायचे असतील तेव्हा वडीवरून थोडा रंग स्वच्छ चमच्याने खरवडून प्लॅस्टिकच्या छोट्या झाकणात दोन थेंब पाण्यात कालवा आणि त्या मुलापुरता तोच वापरा. उरलेला फेकून द्या, डबीत परत घालू नका.

ब्रशचं गणित वेगळं, कारण ब्रश धुता येतो. नायलॉनसारख्या कृत्रिम केसांचे ब्रश घ्या. नैसर्गिक केस पाणी धरून ठेवतात आणि स्पिरिटने खराब होतात. एका मुलाला साधारण तीन ब्रश लागतात : एक चपटा, एक बारीक गोल, एक मधला. प्रत्येक चित्रकाराकडे असे आठ संच, म्हणजे २४ ब्रश असावेत. एका मुलाला पाच मिनिटं धरली तर वापरलेला संच पुन्हा हातात यायला पस्तीस मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात तो नीट धुऊन वाळतो. चार ब्रशमध्ये पन्नास मुलं करायला गेलं तर धुण्याला वेळच उरत नाही. गेल्या वर्षी घोटाळा झाला असेल तर तो इथेच.

धुण्यासाठी एक मदतनीस बसवा. कॉलेजमधली एखादी मुलगी किंवा मुलगा पुरे. त्याच्यासमोर तीन पेले. पहिल्यात कोमट पाणी आणि बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब. ब्रश तळाशी दाबून रंग पूर्ण निघेपर्यंत फिरवायचा, मग पेपर टॉवेलवर पुसायचा. दुसऱ्यात साधं स्वच्छ पाणी, पुन्हा खळबळवून पुन्हा घट्ट पिळायचा. तिसऱ्यात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात केस पूर्ण बुडतील असं एक मिनिट. मग ब्रश आडवा, स्वच्छ कागदावर, पंख्याखाली. उभा ठेवला तर पाणी धातूच्या नळीत उतरतं, लाकूड फुगतं, नळी सैल होते आणि आतल्या ओलीत बुरशी धरते.

हा क्रम उलटा-सुलटा करू नका. रंगाने माखलेला ब्रश थेट अल्कोहोलमध्ये बुडवला तर रंगाचा थर जंतूंवर पांघरुणासारखा बसतो आणि अल्कोहोल तिथे पोचत नाही. ‘अधूनमधून स्पिरिटमध्ये बुडवणं’ फसतं ते यामुळे. ९९ टक्क्यांचं अल्कोहोल जास्त चांगलं, हीही समजूत चुकीची. जंतूंमधली प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, आणि तीव्र अल्कोहोल काम व्हायच्या आतच उडून जातं. घरी ९९ टक्क्यांची बाटली असेल तर त्यातलं सुमारे ७१० मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटरने एक लिटर करा. पेल्यात एका वेळी ६० मिली घ्या आणि वीस ब्रश झाले, किंवा त्याआधीच रंग दिसायला लागला, की बदला. प्रत्येक ओला ब्रश थोडं पाणी आत आणतो आणि अल्कोहोल पातळ होत जातं. ५० मुलं गुणिले तीन ब्रश म्हणजे दीडशे ब्रश, आठ वेळा बदलायचं, म्हणजे अर्ध्या लिटरची एक बाटली पुरते. पाण्याचे दोन्ही पेले दर चार-पाच मुलांनंतर ओता. २०० मिलीचे पेले धरले तर पाच लिटर पाणी लागतं, तरी आठ लिटर घेऊन जा. पाणी पिण्यायोग्य हवं. मंडपामागच्या टाकीचं नको, कारण हेच पाणी डोळ्याशेजारी लागणार आहे.

अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. आरतीचं ताट, समई, वाढदिवसाच्या मेणबत्त्या यांच्यापासून ते टेबल लांब असावं, आणि पेला मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. पाण्याच्या बाटलीत भरून तर कधीच ठेवू नका. ब्रश पूर्ण वाळल्याशिवाय वापरला तर डोळ्याजवळ झोंबतो आणि ते मूल उरलेला कार्यक्रम रडतं. अल्कोहोल सगळ्यावर चालतंही नाही : डोळे येण्याच्या साथीतले काही विषाणू आणि जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस त्याला सहजी दाद देत नाहीत. म्हणूनच धुण्याइतकंच महत्त्व आहे कुणाला रंगवायचं नाही हे ठरवण्याला.

मूल खुर्चीत बसलं की आधी त्याच्याशी बोलत बोलत पाच सेकंद चेहरा नीट बघा. डोळे लाल किंवा चिकट, रांजणवाडी, ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा झुबका, पिवळी खपली, गोल नायटा, मध्ये खळगा असलेले मोत्यासारखे दाणे, ताजं खरचटलेलं, वाहतं नाक, ताप : यातलं काही दिसलं तर रंग नाही. हात बघा, बोटांच्या बेचक्यांत खरूज दिसते. तळहातावर आणि तोंडाभोवती फोड असतील तर हात-पाय-तोंडाचा आजार असू शकतो. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात, त्यामुळे ‘घरात कुणाला कांजिण्या आहेत का’ हेही विचारावं. घामोळं संसर्गाचं नसतं, पण त्यावर रंग लावला तर ते चिडतं. ते गालावर असेल तर हातावर फुलपाखरू काढा. तीन वर्षांखालच्या मुलांचा चेहरा रंगवूच नये. ती डोळे चोळतात, बोटं तोंडात घालतात, आणि त्यांची त्वचा फार नाजूक असते.

नकार कसा द्यायचा हा खरा अवघड भाग. रांगेतल्या इतर मुलांसमोर ‘याला काहीतरी झालंय’ असा एक शब्दही निघता कामा नये. आधीच कागदाचे छान स्टिकर आणून ठेवा. मुलाला म्हणा, ‘तुझ्या गालाला आज आराम हवाय, तुला आवडेल तो स्टिकर तूच निवड.’ आईला बाजूला घेऊन हळूच : ‘ताई, गालावर थोडं पुरळ दिसतंय, त्यावर रंग लागला तर वाढेल. डॉक्टरांना एकदा दाखवा.’ पालक ऐकतात. टेबलाच्या सुरुवातीला, रांग जिथे लागते तिथेच मोठ्या अक्षरांत पाटी असेल तर अर्धं काम तिथेच होतं : ‘त्वचेला जखम, पुरळ, डोळे आलेले किंवा ताप असल्यास रंग लावला जाणार नाही. ॲलर्जी असल्यास आधी सांगा.’

ॲलर्जीसाठी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून २४ तास थांबणं ही योग्य चाचणी. कार्यक्रमात ते जमत नाही, म्हणून आदल्या दिवशी खालच्या हॉलमध्ये येऊन ठिपका लावून घ्या असं व्हॉट्सॲपवर कळवता येतं. दहा मिनिटं मनगटावर ठिपका ठेवून बघणं म्हणजे चाचणी नव्हे. त्यात फक्त लगेच येणारी प्रतिक्रिया दिसते.

तुमचे स्वतःचे हात. नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या, सुरुवातीला आणि प्रत्येक विश्रांतीनंतर साबणाने २० सेकंद, आणि दर मुलामागे सॅनिटायझर. हातमोजे घालून पन्नास मुलांना तेच मोजे लावण्यापेक्षा उघडे, धुतलेले हात बरे. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरण्याची सवय चित्रकलेच्या लोकांना असते, ती इथे पूर्ण बंद. रंग वाळवायला चेहऱ्यावर फुंकर नाही, हातपंखा वापरा. मुलाचा चेहरा आधी बिनवासाच्या ओल्या वाइपने पुसा, एका मुलाला एक. रंगकाम केक कापण्याच्या आधी ठेवा. क्रीमने माखलेल्या गालावर रंग धरतही नाही आणि ते क्रीम वडीत जातं.

मुलांना आवडणारे पेन्सिलसारखे फिरवायचे फेस क्रेयॉन बाजारात खूप दिसतात. स्वच्छतेच्या दृष्टीने ते सगळ्यात वाईट, कारण तीच कांडी थेट एका गालावरून दुसऱ्या गालावर जाते आणि मेणकट असल्यामुळे धुता येत नाही. वापरायचेच असतील तर कांडी प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घासा आणि तिथून कापसाच्या काडीने रंग उचला. ओठांसाठीही तेच : काडी एकदा वापरायची, फेकायची. चकाकी (ग्लिटर) त्वचेसाठीचीच घ्या, बारीक, साधारण ०.२ मिमी किंवा त्याहून लहान. हस्तकलेची चकाकी जाड आणि कडांना धारदार असते, डोळ्यात गेली तर बुबुळ खरचटतं. बाटली दाबून उडवा, बोट बुडवू नका, आणि तेव्हा मुलाला डोळे मिटायला सांगा. स्टेन्सिल प्रत्येकी दोन ठेवा, वापरल्यावर साबणपाण्याने पुसून मग अल्कोहोल. चिकटवायचे खडे एकदाच वापरायचे.

१५ ऑगस्टच्या तिरंग्याचा उल्लेख करायलाच हवा, कारण शाळांमध्ये तो सगळ्यात घाईत होतो आणि एकच स्पंज शंभर गालांवर फिरतो. केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पट्टे एकाच वडीत असलेला रंग आणि एक इंच रुंद चपटा ब्रश घ्या. दमट ब्रश वडीवर पट्ट्यांच्याच दिशेने सात-आठ वेळा पुढे-मागे फिरवला की एका ओढीत झेंडा उमटतो. असे दहा ब्रश धुण्याच्या फेरीत ठेवले की काम स्पंजपेक्षा वेगाने होतं. पांढरा मळायला लागला तर समजा, की ब्रश नीट धुतले जात नाहीयेत.

कार्यक्रम संपल्यावर थकवा असतो, आणि नेमकं तेव्हाच झाकणं लावून पेटी बंद केली जाते. श्रावण-भाद्रपदात हे सगळ्यात महाग पडतं. हवेत ओल भरलेली, वडीवर पाणी साचलेलं, वर घट्ट झाकण : तीन-चार दिवसांत बुरशी. प्रत्येक वडीचा वरचा थर दमट टिश्यूने पुसून काढा, ७० टक्के अल्कोहोलचा एक हलका फवारा मारा आणि रात्रभर पंख्याखाली उघड्या ठेवा. हा फवारा वडीला निर्जंतुक करत नाही, फक्त वरवरची ओल आणि जंतू कमी करतो. सारखा मारला तर वडी कोरडी पडून भेगाळते. उन्हात ठेवू नका, तीही भेगाळते, आणि गाडीच्या डिकीत विसरू नका, उन्हाळ्यात रंग विरघळून एकमेकांत मिसळतात. वाळल्यावर पेटीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका.

स्पंजांची जाळीची पिशवी तशीच मशीनमध्ये, ६० अंशांच्या गरम पाण्यात, साध्या पावडरने. मशीन नसेल तर हात सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात साबण घालून दहा मिनिटं भिजवा, चिमट्याने हलवा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि आतपर्यंत कोरडे होऊ द्या. पावसात दोन दिवस लागतात. आंबूस वास येणारा किंवा कडा झडणारा तुकडा टाकून द्या. पेले, टेबल, आरशाची मूठ आणि खुर्चीचे हात आधी साबणाने पुसा, मग पातळ केलेलं ब्लीच लावा. घरगुती ब्लीच साधारण ५ टक्के असेल तर २० मिली एक लिटर पाण्यात. ते टॉयलेट साफ करण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. ब्रशना ब्लीच लावू नका, केस ठिसूळ होतात.

डबीच्या तळाशी उघड्या झाकणाच्या चित्रात १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढे महिने ती वापरायची. उघडल्याची तारीख मार्करने डबीवरच लिहा. त्याआधीही वडीवर लवदार ठिपका, काळे डाग, बुळबुळीतपणा किंवा आंबट वास आला तर ती गेली. वरचा थर खरवडून उरलेली वापरण्याचा मोह होतो, कारण वड्या महाग असतात. पण दिसणारा ठिपका हे बुरशीचं फक्त वरचं टोक असतं, तिचे तंतू आधीच आत पसरलेले असतात. ती वडी पूर्ण टाकायची, डबी धुऊन अल्कोहोलने पुसायची, आणि शेजारच्या वड्या आठवडाभर रोज उघडून बघायच्या.